लघुउद्योगांचा परदेशी विस्तार (नागपूर व विदर्भ)

देशातल्या गिऱ्हाइकासाठी उभा राहिलेला लहान कारखाना, प्रक्रिया-उद्योग किंवा सेवा-कंपनी परदेशात विक्री करू लागते, तिथे वितरक नेमते किंवा थेट उत्पादनच सुरू करते, त्या वाटचालीला परदेशी विस्तार म्हणतात. भारतात १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीतील गुंतवणूक २५ कोटी आणि वार्षिक उलाढाल १०० कोटी रुपयांच्या आत असलेला उद्योग ‘लघु’ गणला जातो. या उलाढालीत निर्यातीची रक्कम धरली जात नाही. त्यामुळे निर्यात वाढली म्हणून उद्योगाच्या लघुपणाच्या सवलती जात नाहीत.

स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या यान योहान्सन आणि यान-एरिक वाल्ने यांनी १९७७ मध्ये या वाटचालीचे पायऱ्या-पायऱ्यांचे प्रारूप मांडले. त्यांच्या मते कंपनी आधी ओळखीच्या, जवळच्या देशात मध्यस्थामार्फत माल पाठवते, मग स्वतःची विक्री-व्यवस्था उभारते आणि अनुभव गाठीशी आल्यावर तिथे कारखाना काढते. नागपुरात मात्र वेगवेगळ्या धंद्यांनी वेगवेगळ्या वाटा धरल्या. कंपनी केवढी आहे यापेक्षा माल कसा आहे, यावर इथली वाट ठरली.

नागपुरापासून कोणताही समुद्रकिनारा शेकडो किलोमीटर दूर आहे. हिंगणा, बुटीबोरी किंवा कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतींतला माल पश्चिमेला न्हावाशेवा किंवा पूर्वेला विशाखापट्टणम गाठतो. अजनीच्या कंटेनर डेपोमुळे कस्टमचे सोपस्कार गावातच उरकतात आणि सीलबंद कंटेनर रेल्वेने बंदरावर जातो. मुंबईपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाल्याने रस्त्याचा वेळही कमी झाला. तरीही बंदरापर्यंतचे भाडे इथल्या प्रत्येक निर्यातदाराला आधी मोजावे लागते.

संत्री : भौगोलिक मानांकन मिळालेले नागपुरी संत्रे चवीला नावाजलेले, पण सालीला ढिले आणि नाजूक. लांबच्या समुद्रप्रवासात ते दबते, सडते. म्हणून नागपूर-अमरावती पट्ट्यातल्या, विशेषतः वरूड-मोर्शी भागातल्या संत्र्यांचे सर्वांत मोठे परदेशी गिऱ्हाईक ट्रकने गाठता येणारा बांगलादेश राहिला. या व्यवहारात भांडवल कमी लागते. व्यापारी बागेतच माल घेतो आणि प्रतवारी करून, क्रेटमध्ये भरून पाठवतो. एकाच बाजारावर भिस्त ठेवण्याची किंमतही इथेच कळली. बांगलादेशाने २०१९ ते २०२३ या काळात संत्र्यावरचे आयात शुल्क चौपटीहून अधिक वाढवले. निर्यात घसरली, तो माल देशी बाजारात उतरला आणि बागाईतदारांचे भाव पडले. फेब्रुवारी २०२० मध्ये शेतमालाच्या निर्यातीला चालना देणाऱ्या अपेडा या केंद्रीय संस्थेच्या पुढाकाराने संत्र्यांचा शीत (रीफर) कंटेनर वाशीहून दुबईला समुद्रमार्गे पाठवण्यात आला. मात्र हा मार्ग नेहमीचा व्हायचा, तर बागेपासून जहाजापर्यंत अखंड शीतसाखळी आणि फळाला मेणाचा लेप देणारी पॅकहाउसेस हवीत, आणि तो खर्च एकट्या बागाईतदाराच्या आवाक्यातला नाही.

तांदूळ : भंडारा-गोंदियाच्या गिरण्यांची गोष्ट वेगळी. तांदूळ टिकतो, पण वजनाच्या मानाने स्वस्त. त्यामुळे किलोमागे पैशा-दोन पैशांचा फरकही सौदा फिरवतो. लहान गिरणीमालक सहसा स्वतः निर्यात करत नाही. तो निर्यात करणाऱ्या व्यापाऱ्याला (मर्चंट एक्स्पोर्टरला) माल देतो. जहाज, विमा आणि परदेशी खरेदीदाराकडून वसुली ही जोखीम त्या व्यापाऱ्याची. पण धोरण फिरले की झळ दोघांनाही बसते. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली आणि ऑगस्टमध्ये उकड्या तांदळावर २० टक्के शुल्क लावले. ही बंधने सप्टेंबर-ऑक्टोबर २०२४ मध्ये उठली. तोवर परदेशी खरेदीदारांना थायलंड, व्हिएतनाम आणि पाकिस्तानचे पर्याय खुले होतेच.

स्फोटके : खाणींत लागणारी औद्योगिक स्फोटके जहाजाने लांब पाठवणे महाग, जोखमीचे आणि परवान्यांत अडकणारे. त्यामुळे या धंद्यात निर्यातीपेक्षा खाणींजवळ कारखाना काढणेच सोयीचे ठरते. १९९५ मध्ये नागपुरात लहान प्रमाणावर सुरू झालेल्या सोलर इंडस्ट्रीजने हेच केले. कोळशाच्या खाणींना माल पुरवत ती मोठी झाली आणि पुढे झांबिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका, तुर्कस्तान अशा देशांत तिने उत्पादन सुरू केले. आज तिला लघुउद्योग म्हणता येत नाही. लहान सुरुवातीचा मार्ग कुठवर जातो, याचे ते विदर्भातले ठळक उदाहरण आहे.

घरगुती वापराच्या वस्तू : केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ मध्ये मुंबईत परळला घरगुती पातळीवर सुरू केलेल्या विको कंपनीचा एक कारखाना नागपुरात आहे. दंतमंजन आणि हळदीच्या क्रीमला परदेशात पहिला आधार मिळाला तो तिथल्या भारतीय कुटुंबांचा. फरसाण, मसाले, लोणची विकणाऱ्यांचीही सुरुवात परदेशातल्या भारतीय किराणा दुकानांतूनच होते. त्यापलीकडच्या स्थानिक गिऱ्हाइकापर्यंत जायचे, तर त्या देशाच्या लेबल, कीटकनाशक-अंश आणि औषधविषयक नियमांना उतरावे लागते. लहान उत्पादक बहुधा याच टप्प्यावर अडतात.

सॉफ्टवेअर : इथे पायऱ्यांचे प्रारूप गळून पडते. डेटा-विश्लेषणाच्या क्षेत्रातली इन्फोसेप्ट्स २००४ मध्ये सुरू झाली ती अमेरिकी ग्राहक डोळ्यांसमोर ठेवूनच. काम करणारी माणसे मात्र मोठ्या संख्येने नागपुरात. अशा कंपन्यांना ‘जन्मतःच जागतिक’ म्हणतात. त्यांना बंदराचे अंतर छळत नाही. अनुभवी अभियंते पुणे-बंगळुरूकडे निघून जाणे ही त्यांची खरी अडचण असते.

व्यवस्था : माल निर्यात करणाऱ्याला विदेश व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात क्रमांक लागतो. शेतमालासाठी अपेडाची नोंदणी घ्यावी लागते, आणि जीएसटी न भरता माल पाठवायचा तर हमीपत्र द्यावे लागते. पैसे बुडण्याच्या जोखमीवर बँकेचे पतपत्र हा एक उपाय. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या ईसीजीसी या सरकारी कंपनीचा विमा हा दुसरा. स्थानिक पातळीवर १९६३ पासूनची विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन उद्योजकांना एकत्र आणते.