आठशेचं रबर

परवा वडूजला गेलो. बाबांची जुनी मारुती ८०० खड्ड्यात खटखटते आणि ब्रेक दाबला की डावीकडे ओढते, हे फोनवर कळलं होतंच. "वर्धनगडचा घाट उतरते की व्यवस्थित," बाबा म्हणाले. मला मात्र धडकी भरली. जॅक, स्टँड, चाकांना दगड, आणि मी गाडीखाली.

स्टॅबिलायझर बारचे रबर बुश पार चेपलेले! वळणावर गाडी कलू नये म्हणून दोन्ही चाकांना जोडणारी, पीळ घेणारी ही सळई. तिचं पेटंट कॅनडाच्या स्टीफन कोलमनने १९१९ साली घेतलं. पण आठशेत ती आणखी एक काम करते. खालच्या आर्मला पुढे-मागे सरकू देत नाही. ही चलाखी अर्ल मॅकफर्सनची, १९५० च्या फोर्ड कॉन्सलमध्ये दिसते. आपल्याकडे आठशे आली १९८३ मध्ये. स्वस्त, हलक्या गाडीत एक सुटा भाग वाचला, पण सगळी भिस्त रबरावर आली. बुश गेलं की नुसता आवाज होत नाही, ब्रेक लावताना चाकच जागा सोडतं.

अपग्रेड म्हणून पुण्याहून पॉलियुरेथेनचे बुश नेले होते (हौस!). ते ग्रीस लावून मधल्या क्लॅम्पला बसवले. टोकांना मात्र नवं रबरच, कारण तिथे सांध्याला सगळ्या बाजूंनी हलावं लागतं. नट शेवटी गाडी चाकांवर उभी करून आवळले, नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं.

बाबा पुसेगावपर्यंत चक्कर मारून आले. "सरळ थांबते आता," म्हणाले. मग हळूच, "केवढ्याला पडलं?"