विमानाच्या एलिव्हेटर-नियंत्रणाचा इतिहास : ओझरच्या मिग-२१ पासून तेजसपर्यंत

प्रस्तावना

विमानाचे नाक वर किंवा खाली करण्याचे काम शेपटीच्या आडव्या पंखाला बिजागरीने जोडलेला मागचा भाग करतो. त्याला एलिव्हेटर म्हणतात. वैमानिकाने स्टिक मागे ओढली की एलिव्हेटरची मागची कड वर उचलली जाते, शेपूट खाली दबते आणि नाक वर येते. हे सर्वपरिचित आहे. परंतु स्टिक ओढताना हाताला उलट दिशेने जी ओढ जाणवते, तिच्याविषयी वर्गात फारसे बोलले जात नाही. वास्तविक गेल्या पाऊणशे वर्षांतील विमान-अभियांत्रिकीचा बराच मोठा भाग या ओढीभोवतीच फिरत आला आहे. प्रस्तुत लेखात मुख्यतः महाराष्ट्रात बांधलेल्या व उडालेल्या विमानांच्या आधारे हा इतिहास मांडला आहे.

डॉ. विष्णू माधव घाटगे हे मराठी अभियंते जर्मनीत गटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकले होते. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले एचटी-२ हे शिकाऊ विमान ऑगस्ट १९५१ मध्ये प्रथम उडाले. अशा हलक्या विमानात स्टिक आणि एलिव्हेटर यांची जोडणी सरळ यांत्रिक असते. एलिव्हेटरवर हवा जेवढी दाबते, तेवढा भार त्याच जोडणीतून हातापर्यंत परत येतो. वेग वाढला की स्टिक जड होते, वेग घटला की ती सैल पडते. वेगदर्शकाकडे न पाहताही हाताला वेग कळतो. जुने प्रशिक्षक या जाणिवेला फार किंमत देत, आणि ते योग्यच होते.

अडचण वेग वाढल्यावर येते. हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर भार चौपट, चौपट झाला तर सोळापट. शिवाय ध्वनिवेगाजवळ शेपटीवर आघात-तरंग तयार होतात आणि बिजागरीचा एलिव्हेटर जवळजवळ निकामी होतो. म्हणून स्वनातीत विमानांत संपूर्ण आडवी शेपूटच फिरवली जाऊ लागली. ती केवळ मनगटाच्या बळावर फिरणे शक्य नव्हते.

ओझरचे मिग-२१ आणि कृत्रिम भार

नाशिकजवळ ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा मिग कारखाना १९६४ मध्ये स्थापन झाला. सांगाडा ओझरला, इंजिन कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला अशी कामाची वाटणी होती. १९८७ पर्यंत सहाशेहून अधिक मिग-२१ भारतात तयार झाले. या विमानाची शेपूट हायड्रॉलिक बूस्टर फिरवतो. स्टिक फक्त बूस्टरची झडप हलवते. तेलाच्या दाबाची ताकद मोठी, पण ही वाट एकमार्गी असते. हवेचा भार बूस्टरमध्येच अडतो आणि वैमानिकाच्या हाती काहीच पोहोचत नाही.

बेल्लमपल्लीसारख्या कोळसा-गावातील शिक्षकाला याची कल्पना चटकन येईल. खाणीचा पाळणा वर-खाली करणारा वाइंडिंग इंजिनचा चालक पाळण्याचे वजन हाताने तोलत नाही. तो खोली दाखवणाऱ्या काट्यावर आणि घंटेच्या खुणांवर काम करतो. मात्र पाळण्याला ठरलेला मार्ग असतो. विमानाला तसा नसतो. पूर्ण वेगात जमिनीलगत उडणाऱ्या मिगची स्टिक अनवधानाने थोडी जास्त ओढली गेली तर विमानावर पेलवणार नाही एवढा ताण येऊ शकतो. वैमानिक दुरुस्ती करायला जातो, ती जास्त होते, पुन्हा उलट दुरुस्ती होते, आणि त्याच्याच हातून हेलकावे वाढत जातात.

यावर दुहेरी उपाय केला गेला. स्टिकला स्प्रिंग जोडली, म्हणजे ओढावे तसा विरोध वाढेल. दुसरा भाग अधिक कल्पक होता. एआरयू नावाचे स्वयंचलित यंत्र वेग आणि उंची मोजून स्टिक व शेपूट यांच्यामधील तरफेची भुजा बदलत असे. कमी वेगात स्टिकच्या ठरावीक हालचालीने शेपूट जास्त फिरे आणि हाताला भार कमी लागे. जास्त वेगात शेपूट कमी फिरे, भार मात्र जास्त. म्हणजे निसर्गाने जो भार पूर्वी आपोआप दिला असता, त्याची नक्कल यंत्र करी. तरफेचा नियम शिकवताना याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण आहे. हे यंत्र अडकले तर वैमानिकाला भुजा हाताने बदलण्याची सोय होती, आणि उतरण्यापूर्वी ती योग्य जागी आली आहे की नाही हे पाहणे त्याच्या कामाचा भाग होता.

तारेतून आदेश

पुढची पायरी जोडणीच काढून टाकण्याची होती. अमेरिकेच्या नासाने २५ मे १९७२ रोजी एफ-८ हे विमान यांत्रिक पर्यायाशिवाय केवळ संगणकाच्या आधारे उडवले. तो संगणक अपोलो चांद्रयानाचा होता. फ्लाय-बाय-वायर पद्धतीत स्टिकची हालचाल विद्युत संकेतात बदलते. संगणक तो संकेत आणि जायरोस्कोप, त्वरणमापक, वेगमापक यांची मापे एकत्र करून पृष्ठभाग किती फिरवायचा हे ठरवतो. वैमानिक मागणी करतो, अंमलबजावणी संगणक करतो. एक तार तुटली तर अनर्थ होऊ नये म्हणून लढाऊ विमानांत बहुधा चार समांतर मार्ग असतात, आणि वेगळे बोलणारा मार्ग बाद केला जातो.

भारतीय वायुसेनेत ही पद्धत १९८५ मध्ये मिराज-२००० बरोबर आली. सप्टेंबर २००२ मध्ये पुण्याच्या लोहगाव तळावर सुखोई-३० एमकेआय दाखल झाले आणि २००४ पासून ओझरमध्ये बांधलेली सुखोई मिळू लागली. तेजसची कहाणी अधिक खडतर आहे. त्याची रचनाच मुद्दाम अस्थिर ठेवलेली आहे. संगणक क्षणभर थांबला तर ते सरळ उडू शकत नाही. त्याला आडवी शेपूटही नाही. त्रिकोणी पंखाच्या मागच्या कडेवरील इलेव्हॉन एलिव्हेटरचे काम करतात. मे १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध घातले आणि नियंत्रण-प्रणालीसाठी लॉकहीड मार्टिनशी चाललेले सहकार्य थांबले. उरलेले काम बंगळूरच्या अभियंत्यांनी पूर्ण केले. ४ जानेवारी २००१ रोजी विंग कमांडर राजीव कोठियाल यांनी पहिले उड्डाण केले.

आता हाताला काय जाणवावे, हा केवळ अभिकल्पकाचा निर्णय उरला. या बाबतीत सर्वांचे एकमत झालेले नाही. एफ-१६ च्या सुरुवातीच्या स्टिक अजिबात हलत नसत, फक्त दाब मोजत. वैमानिकांना ते मानवले नाही, म्हणून पुढे थोडी हालचाल दिली गेली. एअरबसने ए-३२० मध्ये बाजूला छोटी, स्प्रिंगची स्टिक बसवली. दोन्ही वैमानिकांच्या स्टिक एकमेकींना जोडलेल्या नाहीत. बोइंगने ७७७ मध्ये मोठे दांडे, त्यांची परस्पर जोडणी आणि कृत्रिम भार कायम ठेवला. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचे विमान ४४७ अटलांटिकमध्ये कोसळले आणि २२८ जण मरण पावले. वेगमापक गोठले होते आणि एक वैमानिक नाक वर धरून होता. शेजाऱ्याच्या हाताला त्याची जाणीव होण्याची सोय नव्हती. अपघाताची कारणे अनेक होती, पण हे त्यांपैकी दुर्लक्षिण्याजोगे नाही.

याच्या उलट उदाहरण ७३७ मॅक्सचे आहे, आणि तेथे तर फ्लाय-बाय-वायर एलिव्हेटर नव्हताच. नव्या मोठ्या इंजिनांमुळे नाक फार वर गेल्यावर दांड्याचा भार अपेक्षेप्रमाणे वाढत नव्हता. नियमांनुसार तो वाढायला हवा होता. ही त्रुटी भरून काढण्यासाठी नाक खाली ढकलणारी एमकॅस ही प्रणाली बसवली गेली आणि ती एकाच कोनमापकावर विसंबली. ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९ मधील दोन अपघातांत ३४६ माणसे दगावली.

ओझरशी ज्याचे नाव जोडले गेले, ते मिग-२१ २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे निवृत्त झाले. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकच्या कारखान्यात बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए ने तेथूनच उड्डाण केले.