आर्केड खेळाच्या सर्किट बोर्डाची दुरुस्ती आणि ऐतिहासिक साधनाचे जतन

औद्योगिक वस्तू हे इतिहासलेखनाचे महत्त्वाचे साधन होय. मात्र काही वस्तूंच्या रचनेतच त्यांच्या विनाशाची तरतूद असते. जपानमधील कॅपकॉम कंपनीने १९९३ मध्ये आणलेली ‘सीपीएस-२’ ही आर्केड खेळांची प्रणाली याचे ठळक उदाहरण आहे.

नकली बोर्डांना आळा घालण्यासाठी कंपनीने खेळाचा प्रोग्राम सांकेतिक स्वरूपात साठविला आणि तो उलगडणारी किल्ली बॅटरीवर टिकणाऱ्या मेमरीत ठेवली. बॅटरी संपताच किल्ली पुसली जाते. प्रोग्राम चिपमध्ये शाबूत असतो. परंतु प्रोसेसरला तो वाचता येत नाही. त्यामुळे केवळ नवी बॅटरी बसवून हा बिघाड दूर होत नाही.

या दुरुस्तीचे दोन टप्पे दिसतात. २००१ मध्ये हौशी अभ्यासकांनी उलगडलेला प्रोग्राम मिळविण्याची रीत शोधली. तो नव्या चिपमध्ये भरून बंद पडलेले बोर्ड सुरू होऊ लागले. मात्र मूळ चिप काढावी लागे. २००७ मध्ये निकोला साल्मोरिया व आंद्रेआस नाईव्ह यांनी सांकेतिक पद्धतीचीच उकल केली. पुढे २०१६ मध्ये एदुआर्दो क्रूझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी मूळ किल्ली बोर्डात पुन्हा भरण्याची पद्धत प्रसिद्ध केली.

पहिल्या उपायाने खेळ वाचला, दुसऱ्याने मूळ वस्तूही वाचली. हस्तलिखिताची नक्कल व मूळ प्रत यांत इतिहासकार जो भेद करतो, तोच येथे लागू पडतो. सारांश, यंत्र चालू करणे आणि साधन जतन करणे ही दोन भिन्न कार्ये आहेत. वस्तुसंग्रहालयांनी दुरुस्तीची पद्धत निवडताना हा भेद ध्यानी घेणे आवश्यक ठरते.