पत्ता : ५६ ए.पी.ओ.

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी लहानपणी एक काम माझ्याकडे हक्कानं सोपवलेलं होतं. शेजारच्या काकूंना त्यांच्या मुलाचं पत्र वाचून दाखवायचं. मुलगा पलटणीत होता. काकूंना अक्षरओळख नव्हती, पण पत्राच्या मागच्या बाजूचा पत्ता त्या बोटानं दाखवत आणि दर वेळी विचारत, "हे छप्पन कुठं आलं रं?" मला तरी कुठं ठाऊक होतं! पत्त्यात गाव नाही, तालुका नाही, जिल्हा नाही. पलटणीचं नाव आणि खाली '५६ ए.पी.ओ.'. काकू मग स्वतःच ठरवत, लांब असणार.

पोटापाण्यासाठी मद्रासला येऊन आता कित्येक वर्षं झाली. सैन्याच्या टपालाविषयी मिळेल ते वाचण्याचा नाद मात्र त्या छप्पननं लावला, तो सुटला नाही. ५६ ए.पी.ओ. हे गाव नसून दिल्लीचं लष्करी टपाल केंद्र (पूर्वेकडच्या पलटणींसाठी कोलकात्याचं ९९). पलटण आज कुठे आहे हे शत्रूला कळू नये म्हणून सगळी पत्रं आधी तिथे जातात आणि तिथून पुढे. शत्रूला कळत नाही ते आईलाही कळत नाही, हा त्यातला भाग.

आपल्या या शहराला ही गोष्ट दूरची नाही. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री 'एम्डन' या जर्मन युद्धनौकेनं मद्रासवर तोफा डागल्या आणि बंदराजवळच्या बर्मा ऑइल कंपनीच्या तेलाच्या टाक्या पेटवल्या. हायकोर्टाच्या आवारात त्याची पाटी आहे. ऑफिसातले तमिळ सहकारी एखाद्या बिलंदर माणसाला 'एम्डन' म्हणतात तो शब्द या बोटीचा, हे नव्यानं आलेल्या आपल्या मंडळींना बहुधा माहीत नसतं. एम्डननं त्या दिवसांत बंगालच्या उपसागरात किती तरी व्यापारी बोटी बुडवल्या. समुद्राचा भरवसा नाही तर बोटीतल्या टपालाचा तरी कुठला? आणि नेमक्या त्याच दिवसांत हिंदी पलटणी समुद्र ओलांडत होत्या. खडकीच्या सॅपर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ ला फ्रान्समध्ये नव शापेल इथे लढल्या.

या फौजांसाठी पंचम जॉर्जचं चित्र असलेल्या हिंदी तिकिटांवर 'आय.ई.एफ.' अशी तीन अक्षरं छापली गेली. इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्स, म्हणजे परदेशी मोहिमेवर गेलेली हिंदी फौज. पण तिकीट मिळालं तरी लिहिणार कोण? बहुतेक शिपाई निरक्षर. ते छावणीतल्या लिहित्या माणसाला सांगत, तो लिही. गावी मास्तर, तलाठी नाही तर पोस्टमन वाचून दाखवी, आणि ऐकायला निम्मी आळी जमे. म्हणजे नवऱ्यानं बायकोला लिहिलेलं दोघांमधलं असं काही उरतच नसे.

त्यात आणखी एक वाचणारा होता. फ्रान्समधल्या हिंदी सैन्याची पत्रं सरकारी तपासनीस उघडून पाहत आणि त्यांतले उतारे इंग्रजीत करून वर पाठवत. शिपायांना हे कळायला वेळ लागला नाही. गोऱ्या सैनिकांना लाल मिरी आणि हिंद्यांना काळी मिरी म्हणायचं, आणि काळी किती संपली ते घरी कळवायचं, अशी युक्ती त्यांनी काढली. तपासनिसांनाही ती उमगली, म्हणून तर ती आज आपल्याला माहीत आहे. लंडनला जपलेल्या त्या कागदांत काही पत्रं मुळात मराठी असल्याची नोंद आहे. पण समोर येतं ते साहेबाचं इंग्रजी. त्या माणसानं आईला 'आई' म्हटलं होतं की 'आये', ते कळायला मार्ग नाही. मला हे फार लागतं.

मेसोपोटेमियात गेलेल्यांचं तर तेवढंही नाही. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी टायग्रिस नदीकाठच्या कुत या गावी तुर्कांच्या वेढ्यात सापडल्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, म्हणजे १४७ दिवस. बिनतारी यंत्र चालू होतं, पण ते सेनापतीच्या निरोपांसाठी. शिपायाचं नेहमीचं टपाल बंद. शेवटी घोड्याचं मांस खायची पाळी आली आणि मग शरणागती. कैद्यांना उन्हातान्हात वाळवंटातून चालवत नेलं, कित्येकांना रेल्वेच्या कामाला जुंपलं. अनेक वाटेतच गेले. त्याच वेढ्यात कॅप्टन कल्याण मुखर्जी हे बंगाली डॉक्टर होते. ते आईला पत्रं लिहीत. १९१७ मध्ये कैदेतच ते वारले, आणि त्यांच्या वृद्ध आजीनं, मोक्षदा देवींनी, ती पत्रं घालून १९२८ साली नातवाचं चरित्र छापलं. शिकलेलं घर, म्हणून कागद टिकला. सातारा-रत्नागिरीच्या घरांतून काय टिकलं? फार तर एखादं पदक, आणि तेही बहुधा सोनाराकडे गेलेलं.

दुसऱ्या महायुद्धात पत्राचा फोटो काढून नुसती फिल्म विमानानं पाठवायची सोय निघाली, त्यामुळे महिन्यांचे दिवस झाले. पण मला खरा आनंद होतो तो १९५३ चं एक तिकीट पाहताना. कोरियातले युद्धकैदी सांभाळायला आपलं सैन्य गेलं, त्याचे प्रमुख होते कोल्हापूरकडच्या वडगावचे मेजर जनरल शं. पां. पा. थोरात. त्या सैन्याच्या तिकिटांवर देवनागरीत छापलं होतं, 'भारतीय संरक्षा कटक कोरिया'. 'कटक' म्हणजे फौज, आपल्या बखरींतला शब्द! आय.ई.एफ. पासून इथवर यायला ३९ वर्षं लागली.

आणि १९८७ ते १९९० श्रीलंका. जाफना इथून किती जवळ, पण तिथल्या जवानाचं पत्रही तसंच गावाच्या नावाशिवाय यायचं. साळीग्रामम भागात आर्काट रोडवर 'परमेश्वरन विहार' ही सैनिकांची वसाहत आहे. रोज तिच्यावरून जाणाऱ्या आपल्या लोकांनी हे वाचावं. मेजर रामस्वामी परमेश्वरन जन्मले मुंबईत, शिकले मुंबईत, लष्करी प्रशिक्षण घेतलं इथेच मद्रासला आणि अधिकारी झाले महार रेजिमेंटमध्ये. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत ते धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं.

काकू आता नाहीत. त्यांचा मुलगा सुखरूप परतला, शेती केली. पत्रं त्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवत. मागे गावी गेलो तेव्हा विचारलं, तर घराला रंग काढताना डबा भंगारात गेला म्हणाले. मी वाचलेली ती पत्रं. त्यांतली 'मी इकडे खुशाल आहे' एवढी ओळ आठवते, बाकी काही नाही.

तुमच्यापैकी कुणाच्या गावी माळ्यावर असा डबा असेल, तर दिवाळीला जाल तेव्हा जरा पाहा. मोडी असलं तरी चालेल. नकलून घ्यायला मी तयार आहे.