पेशीला कोण सांगतं?

मी मराठीचा बी.ए. पण दिंद्रुडला विज्ञानाचे सर रजेवर गेले की नववीचा तास माझ्याकडे यायचा. १९८३ च्या सुमाराला असंच पेशीविभाजन शिकवत होतो. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था, चारही आकृत्या फळ्यावर काढून झाल्या. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "सर, पण पेशीला कसं कळतं, आता दोन व्हायचं म्हणून?" मी म्हणालो, "परीक्षेला नाही ते. खाली बस."

उत्तर तोवर बरंचसं सापडलेलं होतं, हे मला निवृत्तीनंतर वाचताना समजलं.

अमेरिकेत लेलंड हार्टवेल यांनी १९७० च्या आसपास पावाच्या यीस्टमध्ये विभाजनाची जनुकं हुडकली. इंग्रज शास्त्रज्ञ पॉल नर्स एडिंबरात दुसऱ्या एका यीस्टवर काम करत होते. ते १८९३ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या भरड धान्याच्या दारूतून मिळालेलं. (हे नर्स शाळेत फ्रेंचमध्ये सहा वेळा नापास, त्यामुळे कॉलेज लांबलं. आमची इंग्रजीत राहिलेली पोरं आठवली.)

नर्स यांना पुरतं वाढण्याआधीच दुभंगणाऱ्या बारक्या पेशी दिसल्या. स्कॉटिश बोलीत बारक्याला 'वी' म्हणतात, तेच नाव जनुकाला पडलं. हे जनुक म्हणजे ब्रेक. बिघडला की पेशी घाई करते. मग वर्षभर खपून तशा आणखी पन्नासेक पेशी शोधल्या, तर जिथे तिथे तेच जनुक! एका बशीवर बुरशी चढली होती. कंटाळून त्यांनी ती कचऱ्यात टाकली. घरी गेल्यावर चैन पडेना, तेव्हा पावसात सायकल मारत परत आले आणि बशी काढली. तिच्यातलं जनुक वेगळं निघालं, सीडीसी-२. हे बंद पडलं तर पेशी दुभंगतच नाही आणि त्या बशीतल्यासारखं बदललं तर लवकर दुभंगते. म्हणजे हुकूम इथूनच सुटतो.

१९८७ साली मेलनी ली आणि नर्स यांनी माणसातलं जोडीचं जनुक शोधून काढलं. सीडीसी-२ बिघडलेल्या यीस्टमध्ये ते घातलं आणि यीस्ट दुभंगू लागलं! कर्करोगात पेशी बेबंद वाढतात, तिथेही याच हुकुमावरचा ताबा सुटलेला असतो. २००१ चं नोबेल हार्टवेल, टिम हंट आणि नर्स यांना मिळालं. आपल्या मुंबईतही, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, या यीस्टच्या विभाजनावर काम झालं आहे.

परवा त्या विद्यार्थ्याला फोन लावून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सर, मी असं विचारलं होतं?"