झडप (नौका)

झडप म्हणजे नौकेच्या डेकवरील चौकोनी वा गोल तोंडाचे, उघडता-मिटता येणारे झाकण. नाविकांच्या बोलीत तिला 'हॅच' म्हणतात. खालच्या केबिनला उजेड आणि वारा देणे, पाले व सामान वर-खाली करणे आणि संकटसमयी बाहेर पडण्यास वाट देणे ही तिची कामे होत. आजच्या शिडाच्या नौकांवरील झडपेची चौकट बहुधा ॲल्युमिनियमची असते आणि तीत ॲक्रिलिक या पारदर्शक प्लॅस्टिकचे तावदान बसविलेले असते. काही वर्षांच्या वापरानंतर झडप गळू लागणे व तावदान धुरकट होणे हे दोन दोष जवळजवळ प्रत्येक नौकेत उद्भवतात.

पार्श्वभूमी

लाकडी जहाजांवरील झडपा फळ्यांच्याच असत आणि खराब हवेत त्यांवर मेणकापड ताणून बांधले जाई. पुढे उजेडासाठी डेकमध्ये जाड काचेचे लोलकही बसविले जाऊ लागले. कोकण किनाऱ्यावरील गलबतांच्या व मचव्यांच्या बांधणीत फळ्यांचे सांधे कापूस आणि राळ-तेलाच्या मिश्रणाने बुजविण्याची रीत होती. साहित्य बदलले असले तरी तत्त्व आजही तेच आहे. सांधा भरणारा पदार्थ चिवट हवा, पण ताठर नको, कारण समुद्रावर नौकेचा प्रत्येक भाग थोडाफार हलत असतो.

याचा प्रत्यय मुंबईत बांधलेल्या 'सुहेली' या ३२ फुटी सागवानी नौकेच्या प्रवासात येतो. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये तिच्यातून एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. असा प्रवास त्यापूर्वी कोणी पूर्ण केला नव्हता. प्रवासाच्या आरंभीच तळाचा सांधा गळू लागल्याने त्यांनी पाण्यात उतरून तो कापसाने बुजविला. पुढे दक्षिण महासागरात एका प्रचंड लाटेने नौका आडवी केली, तेव्हा केबिनचे छप्पर जागेवरून किंचित सरकले आणि भोवतालच्या फटींतून पाणी आत येऊ लागले. एरवी थेंबाथेंबाने गळणारा सांधा अशा प्रसंगी किती महाग पडतो, हे यावरून कळते.

गळतीची कारणे

झडपेत पाणी तीन मार्गांनी शिरते: तावदान व चौकट यांमधील सांध्यातून, झाकण व खालची चौकट यांमधील रबरी पट्टीवरून, आणि चौकट व डेक यांमधून. यांपैकी पहिल्याचे कारण उष्णतेत आहे. ॲक्रिलिक हे ॲल्युमिनियमच्या सुमारे तिप्पट प्रसरण पावते. ५०० मिलिमीटर लांबीचे तावदान ४० अंश सेल्सिअसने तापले, तर ते सुमारे १.४ मिलिमीटरने वाढते. तेवढ्याच लांबीची चौकट मात्र अर्ध्या मिलिमीटरहून कमी वाढते. हा फरक सांध्यातील सीलंटला दररोज सोसावा लागतो. थर फार पातळ असेल तर तो सुटतो. म्हणूनच वरून सीलंटचा आणखी एक थर फासण्याचा सर्रास केला जाणारा उपाय टिकत नाही. उलट नंतर करावयाचे खरे काम त्यामुळे किचकट होते.

तिसरा मार्ग सर्वांत घातक होय. फायबरच्या डेकमध्ये अनेकदा बाल्सा लाकडाचा किंवा प्लायवुडचा गाभा असतो. स्क्रूच्या भोकांतून त्यात मुरलेले पाणी बाहेर दिसत नाही आणि गाभा आतल्या आत कुजत जातो. शिवाय पाणी जेथे टपकते तेथेच ते शिरलेले असते असे नाही. अस्तरामागून वाहत ते दूरवर प्रकट होते. शोध घेताना नळीने पाणी सोडण्यास खालच्या कडेपासून आरंभ करावा आणि हळूहळू वर जावे. रबरी पट्टीच्या परीक्षेसाठी खालच्या चौकटीच्या कडेला खडू लावून झडप मिटतात. पट्टीवर जेथे खडूची रेघ उमटत नाही, तेथे ती दबत नाही असे समजावे.

धुरकट तावदान

धुरकटपणाचे दोन प्रकार ओळखणे आवश्यक असते. पृष्ठभागावरचे ओरखडे असतील, तर पाणी लावून क्रमाने बारीक होत जाणाऱ्या वॉटर पेपरने (४००, ६००, पुढे २००० पर्यंत) घासून व शेवटी पॉलिश करून तावदान पुन्हा नितळ होते. परंतु सूर्यप्रकाशाने आणि ताणाने आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडल्या असतील, तर घासण्याने त्या जात नाहीत. असे तावदान अशक्त झालेले असते. झडपेवर माणूस पाय देतो, लाट आदळते. म्हणून ते बदलणेच इष्ट. ॲसिटोन, थिनर किंवा अमोनियायुक्त काच-सफाईचे द्रव ॲक्रिलिकला लावल्यास अशा भेगा लवकर पडतात; सौम्य साबण व पाणी पुरेसे असते.

पुन्हा बसविणे

जुने तावदान काढून चौकटीतील सीलंटचा कणही राहू न देणे हा या कामाचा सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत निर्णायक भाग आहे. जुन्या सिलिकॉनवर नवे सिलिकॉन नीट धरत नाही. नवे तावदान कापताना चारही बाजूंनी प्रसरणासाठी फट सोडतात. खाली सुमारे ३ मिलिमीटर जाडीचे रबराचे तुकडे ठेवले म्हणजे दाबामुळे सीलंट पिळून बाहेर जात नाही आणि थराची जाडी कायम राहते. सीलंट म्हणून हवामान सोसणारे सिलिकॉन वापरतात. लाकडी डेकच्या सांध्यांत चालणारे पॉलिसल्फाइड मात्र ॲक्रिलिकला अपायकारक ठरते. डेकवरील भोके मोठी करून कुजका गाभा काढतात, इपॉक्सीने भरतात आणि त्या भरावात नव्याने भोक पाडतात, म्हणजे पुढे स्क्रूजवळ पाणी झिरपले तरी गाभ्यापर्यंत पोहोचत नाही.

हवामानाचाही विचार करावा लागतो. सिलिकॉन हवेतील बाष्पानेच घट्ट होते, परंतु पृष्ठभाग कोरडा असल्याखेरीज ते चिकटत नाही. म्हणून कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावर हे काम जूनपूर्वी किंवा पावसाळा सरल्यावर केलेले बरे. भारतीय नौदलाच्या 'म्हादेई' (२००९) व 'तारिणी' (२०१७) या ५६ फुटी शिडाच्या नौका गोव्यातील दिवाडी बेटावर बांधल्या गेल्या. 'म्हादेई'मधून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. असे करणारे ते पहिले भारतीय होत. नांगरलेल्या नौकेच्या झडपांवर पांढऱ्या किंवा फिकट कापडाचे आच्छादन घातल्यास ऊन थेट लागत नाही आणि तावदानाचे आयुष्य वाढते.