छळाला कृतज्ञतेचे उत्तर : रोमन आफ्रिकेतील काही साधने

छळ करणाऱ्यांसाठी प्रार्थना करावी, हा येशूचा उपदेश मत्तय व लूक या दोन्ही शुभवर्तमानांत आढळतो. परंतु उपदेश ग्रंथात असणे व तो न्यायासनासमोर आचरणात येणे या भिन्न गोष्टी होत. असे आचरण केवळ नम्रतेचे द्योतक होते काय, हा प्रश्न रोमन आफ्रिकेतील साधनांच्या आधारे तपासण्याजोगा आहे.

यांतील सर्वांत जुने साधन म्हणजे स्किलियम येथील ख्रिस्ती लोकांच्या चौकशीचा वृत्तांत. ही चौकशी १७ जुलै १८० रोजी कार्थेज येथे प्रांताधिपती सातुर्निनस याच्यापुढे झाली. सम्राटाच्या संरक्षक देवतेची शपथ घ्यावी व त्याच्या कुशलासाठी प्रार्थना करावी, एवढीच त्याची मागणी होती. आरोपींचा प्रमुख स्पेरातुस याचे उत्तर लक्षणीय आहे. आम्ही कोणाचे वाईट केले नाही, वाईट वागविले गेलो तरी आभारच मानले, खरेदीवरील करही भरतो, असे त्याने सांगितले. शपथ मात्र नाकारली. विचारासाठी देऊ केलेली ३० दिवसांची मुदतही आरोपींनी नाकारली. सात पुरुष व पाच स्त्रिया अशा बारा जणांना देहदंड झाला, तेव्हा सर्वांनी देवाचे आभार मानले.

येथे आभार हे एकाच वेळी निष्ठेचे व नकाराचे वचन ठरते. राज्याला कर मिळतो, परंतु अखेरचा निवाडा करण्याचा अधिकार मिळत नाही. तेर्तुल्लियनने इ. स. १९७ मधील आपल्या समर्थनग्रंथात हीच भूमिका तर्काने मांडली : ख्रिस्ती लोक सम्राटासाठी प्रार्थना करतात, सम्राटाची नव्हे.

पुढे १४ सप्टेंबर २५८ रोजी कार्थेजचा बिशप सिप्रियन याने शिरच्छेदाची शिक्षा ऐकून देवाचे आभार मानले व मारेकऱ्यास २५ सुवर्णनाणी देण्याची आज्ञा केली. उपदेशातील शत्रू येथे प्रत्यक्ष देणगीचा धनी झाला.

तथापि या परंपरेस केवळ क्षमेची परंपरा म्हणता येणार नाही. प्रांताधिपती स्कापुला यास इ. स. २१२ च्या सुमारास लिहिलेल्या पत्रात तेर्तुल्लियन आरंभी शत्रुप्रेमाचा उल्लेख करतो; परंतु आफ्रिकेत ख्रिस्ती लोकांवर प्रथम तलवार चालविणाऱ्या सातुर्निनसची दृष्टी गेली, हेही तो इशारा म्हणून सांगतो. सूड स्वतः घ्यावयाचा नाही, तो देवाकडे सोपवावयाचा, असा येथील भाव दिसतो.

चौथ्या शतकात राज्यसत्ता ख्रिस्ती झाली आणि आफ्रिकेतील चर्चमध्ये डोनाटिस्टांची फूट पडली. कॅथलिकांच्या मुखी देवाचे आभार, तर डोनाटिस्टांच्या मुखी देवाची स्तुती, अशी वचनांचीही वाटणी झाली; विरोधकांचा स्तुतिघोष सिंहगर्जनेहून भयंकर वाटतो, अशी तक्रार ऑगस्टीनने केली आहे. वचने धार्मिकच राहिली, पण ती आता पक्षाची खूण झाली होती. सारांश, कृतज्ञतावचनाचा अर्थ केवळ शब्दांवरून ठरत नाही. ते कोणत्या सत्तेपुढे व कोणत्या स्थितीत उच्चारले गेले, हे इतिहासाच्या अभ्यासकाने प्रथम पाहिले पाहिजे.